मोठ्या मालकांचा निळा राग

छापखान्याच्या पुढच्या खोलीत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं कागदाच्या रिमांवर बसली होती, कटिंग मशीनच्या फळीवर बसली होती. समोरचा शिंपी गळ्यातली टेप न काढताच आला होता आणि खिडकीचे गज धरून बाहेरूनच मान आत घालत होता. सगळ्यांचे डोळे एका कम्प्युटरवर लागले होते. एरवी टेबलाखाली धूळ खात पडलेला त्याचा काळा डबा आज टेबलावर मधोमध ठेवला होता, आणि त्याच्यावर दोऱ्याला बांधलेला पितळी लोलक धरून कंपनगुरू उभे होते.

कंपनगुरू म्हणजे जटा, माळा, राख असला जुना माल नव्हे. पांढरा कडक शर्ट, खिशाला दोन पेनं, चकाकणारे बूट. "मी चमत्कार करत नाही हो, मी फक्त मोजतो," असं ते पहिल्यांदाच सांगून टाकत. काय मोजतात हे मात्र आजवर कुणाला कळलेलं नव्हतं.

लोलक हळूहळू झुलू लागला. पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरकाकांनी शेजाऱ्याचं मनगट घट्ट धरलं.

"डावीकडून उजवीकडे," गुरू डोळे मिटून म्हणाले. "म्हणजे ऋण. इथं एक अपूर्ण कंपन अडकलंय. पुरुषाचं आहे. साठीच्या पुढचं. आणि याच खोलीतलं."

खोलीभर शहारा गेला. मोठे मालक चार महिन्यांपूर्वी याच खोलीत, याच खुर्चीत बसल्याबसल्या गेले होते. त्यांचा फोटो दारातच लावलेला होता, खाली जन्माची आणि मृत्यूची तारीखही होती, आणि गुरू त्याच दारातून आत आले होते. पण ती माहिती आता लोलकानं दिली होती, त्यामुळे शिंप्यानं दोन्ही हात जोडले.

"आता त्या बाईंना बसवा."

बाई पुढं झाल्या. या छापखान्यात त्यांना अठ्ठावीस वर्षं झाली होती. आल्या तेव्हा त्या शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायच्या, म्हणून मोठे मालक त्यांना जुळारीणबाई म्हणत. पुढं खिळे गेले, कम्प्युटर आला, बाई त्यावर पानं लावायला शिकल्या, पण नाव तेच राहिलं. सध्या त्यांच्याकडं एकच मोठं काम होतं, मोठ्या मालकांच्या आठवणींचं पुस्तक. ऐंशी पानं आणि पानोपानी जुने फोटो. हल्ली ते पुस्तक उघडलं की मशीन बंद पडे, म्हणूनच गुरूंना बोलावलं होतं.

जुळारीणबाईंनी पुस्तकाचं पहिलं पान उघडलं. मोठ्या मालकांचा चेहरा पडद्यावर वरून खाली उमटू लागला. कपाळ आलं, डोळे आले, आणि नाकाखाली एकदम हिरवट पट्टा आला. हनुवटी तुटल्यासारखी एका बाजूला सरकली. कुणीतरी किंचाळलं. तेवढ्यात पडदा निळाशार झाला, त्यावर चार ओळी पांढरी अक्षरं आली आणि मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं.

"पाहिलंत?" गुरू म्हणाले. "त्यांना ह्यांच्या हातून आपलं पुस्तक नकोय."

जुळारीणबाईंचे हात कीबोर्डवरच राहिले होते. चेहरा पांढराफटक पडला होता.

"एक मिनिट." गुरूंनी बोट वर केलं. हे गृहस्थ हुशार, घाव कुठं घालायचा ते त्यांना बरोबर कळे. "उद्या कुणी म्हणायला नको, यंत्र बिघडलं होतं म्हणून. मिस्त्री आलेत का?"

मिस्त्री आला होता. आपली हत्यारांची पिशवी पोटाशी धरून तो दाराच्या कोपऱ्यात उभा होता. कम्प्युटर दुरुस्त करणारा या भागात तो एकटाच, म्हणून सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत. पण त्याची खरी ओळख निराळीच होती. दर रविवारी तो शाळाशाळांत जाऊन बुवाबाजीचे प्रयोग करून दाखवी. पाण्यानं दिवा पेटवायचा, रिकाम्या मुठीतून राख काढायची, आणि मग युक्ती फोडून पोरांना हसवायचं. देव, भूत, बाहेरची बाधा यांच्या नावानं तो जिथं तिथं बोटं मोडायचा.

"मिस्त्री, तुम्ही तर आमच्यासारख्यांचे हाडवैरी," गुरू गोड हसले. "तुम्हीच सांगा सगळ्यांना. यंत्रात काही दोष आहे?"

सगळ्या माना मिस्त्रीकडं वळल्या. जुळारीणबाईंचीही वळली.

"नाही," मिस्त्री म्हणाला. "मी तपासलंय."

आता मिस्त्रीनं काय तपासलं होतं, ते सांगायला हवं. त्यानं काहीही तपासलं नव्हतं.

अडीच महिन्यांपूर्वी पुस्तकाचं काम निघालं तेव्हा एवढे फोटो त्या मशीनला झेपेनात. आता छापखाना सांभाळणाऱ्या धाकट्या मालकांनी मिस्त्रीला बोलावून मेमरी वाढवायला सांगितली. मेमरीची नवी पट्टी मागवली होती, ती आली नव्हती. धाकटे मालक "आज होईल का, आज होईल का" म्हणून डोक्यावर बसले होते. मिस्त्रीच्या खणात एक जुनी पट्टी पडली होती. एका दवाखान्यानं "हा मधेच बंद पडतो" म्हणून टाकून दिलेल्या मशीनमधून ती त्यानं काढून ठेवली होती. तीच बसवली. आठवडाभरात बदलून टाकू असं मनाशी म्हणाला, आणि मालकांना "नवी बसवली" म्हणाला. नवी पट्टी चौथ्या दिवशी आली आणि दुसऱ्याच एका घाईच्या गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये गेली.

मग उन्हं तापली आणि छापखान्यातून तक्रारी सुरू झाल्या. मिस्त्री दोनदा येऊन गेला. मशीन चालू केलं, एक साधं पत्र उघडलं, बंद केलं, डब्यावर फुंकर मारली आणि "सगळं ठीक आहे" म्हणून निघाला. मेमरी नीट तपासायची तर चाचणी लावून काही तास थांबावं लागतं. आणि चाचणीत पट्टी सदोष निघाली असती, तर ती कुठून आली हेही सांगावं लागलं असतं. म्हणून त्यानं चाचणी लावलीच नाही. रविवारी दुसऱ्यांची लबाडी उघडी पाडणाऱ्या माणसाला आपली उघडी पाडायचं जिवावर आलं होतं.

गुरूंनी लगेच उपाय सांगितला. "ह्याचा श्वास कोंडलाय. हे पत्र्याचं झाकण काढून टाका. ह्याला खिडकीशी ठेवा. वायुतत्त्व हवं, म्हणून समोर पंखा लावा, आणि तो बंद करायचा नाही. बाईंनी एकवीस दिवस स्पर्श करायचा नाही. किरकोळ पत्रं, पावत्या मालकांनी स्वतः कराव्यात. एकवीस दिवसांनी मी मुक्तीचा विधी करेन. तेव्हा बाईंनी सगळ्यांसमोर क्षमा मागायची आणि इथून निरोप घ्यायचा."

झाकण काढलं. पंखा लावला. आणि मशीन खरोखर सुरळीत चालू लागलं!

दहा दिवस झाले, पंधरा झाले, एकदाही पडदा निळा झाला नाही. गुरूंचा बोलबाला पसरला. छापखान्यासमोर रांग लागू लागली. कुणी बंद पडलेला मोबाइल आणला, कुणी मिक्सर आणला. एक आजोबा कानाचं यंत्र घेऊन आले. गुरूंनी त्यावर लोलक धरून बराच वेळ काहीबाही सांगितलं, आणि आजोबा न ऐकताच मान डोलावत राहिले. शिंप्याच्या शिलाई मशीनचा दोरा तुटत होता, त्यातही कुणाचं तरी कंपन निघालं. शिंप्यानं सुई बदलली असती तर ते कंपन गेलं असतं, पण हे त्याला सांगणार कोण? मिस्त्री तर हल्ली त्या रस्त्यानं जातच नव्हता.

झाकण काढलं, पंखा लावला, जड काम बंद केलं. मशीन का चालतंय याची मिस्त्रीला पहिल्याच दिवशी शंका आली होती. त्या तिन्ही रविवारी डोकं दुखतंय म्हणून तो शाळेतही गेला नाही. बायकोनं एकदा विचारलं, "एवढा गाजावाजा चाललाय, आणि तुम्ही गप्प कसे?" त्यावर तो विनाकारण तिच्यावर खेकसला, मग जेवताना खाली मान घालून बसला.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी जुळारीणबाई त्याच्या दुकानात आल्या. स्टुलावर बसल्या.

"काय बाई, काही काम होतं?"

"काम नाही. विचारायचं होतं." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुम्ही तपासलंत ना नीट?"

मिस्त्रीनं हातातला पेचकस खाली ठेवला. बाईंना उत्तराची वाटही बघायची नव्हती.

"मी विचारते म्हणजे शंका घेते असं नाही हो. मी त्या गुरूंच्या बोलण्यावर पहिल्यांदा हसलेच होते. म्हटलं, मोठे मालक आयुष्यभर माझ्यावर ओरडले, पण माझ्या हातचं प्रूफ सोडून दुसऱ्याचं वाचलं नाही त्यांनी. ते कशाला अडवतील? पण मग तुम्ही म्हणालात, यंत्रात दोष नाही. तुमचा तर कशावरच विश्वास नाही. तुम्हीच असं म्हटल्यावर मला ते खरं वाटलं."

"बाई..."

"ऐका तर. ते गेले त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं. एकच पान त्यांनी सहा वेळा परत पाठवलं. मी चिडून म्हटलं, 'डोळे मिटले तरी तुमचं समाधान व्हायचं नाही!' आणि संध्याकाळी डोळे मिटलेच की हो त्यांनी." बाई तोंड झाकून रडू लागल्या. "कुणाला सांगितलं नाही मी हे. आता शनिवारी, विधीच्या दिवशी, सगळ्यांसमोर सांगते, क्षमा मागते आणि सोडते. अठ्ठावीस वर्षं झाली, आता पुरे."

मिस्त्रीनं त्यांना पाणी दिलं. आत्ताच सांगावं, असं त्याला दहादा वाटलं. पण सांगितलं नाही. बाई डोळे पुसून निघून गेल्या, आणि मिस्त्री दुकानाचं दार अर्धं लावून त्याच स्टुलावर बसून राहिला. त्याला स्वतःची किळस आली.

शनिवारी सकाळी छापखाना उघडतानाच तो हजर झाला. धाकट्या मालकांना म्हणाला, "गुरू यायच्या आत मला मशीन द्या. झाकण लावून, पंखा बंद करून चाचणी घ्यायची आहे."

"तुम्ही तर म्हणाला होतात, तपासलंय म्हणून."

"म्हणालो होतो खरा. आता खरोखर तपासू द्या."

धाकट्या मालकांनी कपाळाला आठी घातली, पण नको म्हणाले नाहीत. मिस्त्रीनं झाकण घट्ट बसवलं, पंखा बंद केला आणि पेनड्राइव्हवरून चाचणी सुरू केली. पडद्यावर आकडे धावू लागले. पहिली फेरी निर्दोष गेली. आणि लाजेची गोष्ट अशी, की मिस्त्रीला क्षणभर बरं वाटलं. पट्टी चांगली निघाली तर आपण सुटलो! बाई सुटणार नाहीत हे ध्यानात आलं तेव्हा त्यानं मान खाली घातली आणि दुसरी फेरी लावली.

अकराला माणसं जमली. गुरू आले. खिडकीतून ऊन डब्यावर आलं होतं, आणि पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता.

"हे काय? झाकण कुणी लावलं?" गुरू कडाडले. "वायुतत्त्व रोखलंत? अनर्थ होईल!"

"होऊ दे की. आपण बघू तरी कसा होतो ते," मिस्त्री म्हणाला. तेवढ्यात पडद्यावर एक लाल ओळ आली. मग दुसरी. मग पडदाभर लाल ओळींची रांग लागली.

"रक्त!" शिंपी ओरडला.

"रक्त नाही, चुका आहेत त्या." मिस्त्री जुळारीणबाईंकडं वळला. "बाई, तुमची खिळ्यांची पेटी आठवते? प्रत्येक खणात एक अक्षर. 'क'च्या खणात हात घातला की 'क'च मिळायला हवा. मेमरी म्हणजे तसलेच लाखो खण. ही चाचणी एकेका खणात काहीतरी ठेवते आणि परत काढून बघते. लाल ओळ म्हणजे ठेवलं एक आणि निघालं भलतंच. हे खण गार असताना नीट चालतात, तापले की दगा देतात. साध्या पत्राला थोडे खण लागतात, त्यामुळे बिघडलेल्या खणांपर्यंत काम पोचत नाही. ऐंशी पानं फोटो उघडले की पोचतं. ते पुस्तक फक्त तुम्हीच उघडत होता."

"म्हणजे पंखा लावल्यामुळं..." बाइंडरकाका म्हणाले.

"पंखा लावला, झाकण काढलं, पुस्तक बंद ठेवलं. एवढाच तो उपाय होता."

त्यानं मशीन बंद केलं. दोन पट्ट्या बाहेर काढल्या. मशीनची मूळची पट्टी एकटी लावली, झाकण लावलं, चाचणी चालवली. दोन फेऱ्या झाल्या तरी एकही लाल ओळ नाही. मग त्याच जागी नंतर बसवलेली दुसरी पट्टी लावली, आणि तासाभरात पुन्हा लाल रांग लागली. एवढा वेळ गेला, चहाच्या दोन खेपा झाल्या, पण एक माणूस हलला नाही. मध्यंतरी बाइंडरकाकांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी गुरूंचा लोलक मागून घेतला आणि डब्याच्या वरच, खिडकीच्या गजाला टांगला. लोलक जागचा हलेना. "हातात धरला की हलतो होय!" काका म्हणाले, आणि पहिल्यांदाच खोलीत हशा पिकला.

शेवटी चांगली पट्टी परत लावून मिस्त्री म्हणाला, "बाई, उघडा पुस्तक. आता एकच पट्टी आहे, वेळ लागेल, पण घाबरू नका."

जुळारीणबाई पुढं आल्या. त्यांनी पान उघडलं. कपाळ आलं, डोळे आले, नाक आलं, आणि बऱ्याच वेळानं मोठ्या मालकांची हनुवटी जिथल्या तिथं आली. अख्खा चेहरा पडद्यावर होता. बाईंच्या तोंडून हुंदका बाहेर पडला.

गुरू मात्र हार जाणारे नव्हते. "उत्तम! म्हणजे कंपन ह्या पट्टीत शिरलं होतं. सज्जनहो, नीट ऐका. पट्टी नवी कोरी. तीन महिन्यांपूर्वी बसवलेली, खुद्द धाकट्या मालकांनी मला सांगितलंय. नवी वस्तू अशी कशी बिघडेल? कुणीतरी शिरल्याशिवाय?"

लोक पुन्हा पट्टीकडं भीतीनं बघू लागले. बाईंचा चेहरा पुन्हा उतरला. कारखान्यातूनच खराब आली, असं मिस्त्रीला म्हणता आलं असतं. कुणीही मान्य केलं असतं, आणि शाबासकीही मिळाली असती.

"पट्टी नवी नव्हती," मिस्त्री म्हणाला. "टाकून दिलेल्या मशीनमधली होती. मी बसवली, आणि नवी म्हणून सांगितलं. त्या दिवशी सगळ्यांसमोर 'तपासलंय' म्हणालो, तेव्हा काहीही तपासलं नव्हतं. तेव्हा मी खरं बोललो असतो, तर ह्या लोलकाला इथं काही कामच नव्हतं."

गुरूंनी लोलक खिशात टाकला आणि त्यांना एकाएकी दुसरीकडं कुठंतरी जायचं आठवलं.

"ऐका," मिस्त्री म्हणाला. "गुरूवर विश्वास ठेवू नका, हे मी इतकी वर्षं सांगत आलो. आज सांगतो, माझ्यावरही ठेवू नका. कुणीही 'तपासलंय' म्हणालं, की विचारा. कसं तपासलं? किती वेळ? आमच्यासमोर पुन्हा करून दाखवता का? बुवाला विचारा, डॉक्टरला विचारा, मिस्त्रीला विचारा. ज्याला ठाऊक असेल तो दाखवेल. ठाऊक नसेल तर त्यानं 'ठाऊक नाही' म्हणावं, त्यात कमीपणा नाही. आणि कारण सापडलं नाही म्हणून एखाद्या माणसाच्या माथी ते मारू नका. मी गप्प बसलो आणि तुम्ही सगळ्यांनी ते बाईंच्या माथी मारलंत."

"झालं तुमचं भाषण?" धाकटे मालक लालबुंद झाले होते. "पिशवी उचला. पुन्हा ह्या दारात यायचं नाही."

मिस्त्रीनं पिशवी उचलली.

"थांबा," जुळारीणबाई म्हणाल्या. त्या खुर्चीतून उठल्या नाहीत, मागंही वळल्या नाहीत. "परवा मी तुमच्या दुकानात बसून रडत होते. तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

"खात्री नव्हती. पण संशय होता."

"आणि तुम्ही मला पाणी दिलंत."

"हो."

बाईंनी एक पान पुढं केलं. चार माणसांचा जुना फोटो हळूहळू उमटू लागला. तो पुरा येईपर्यंत त्यांनी वाट बघितली.

"मालकांना मी जे बोलले ते बोललेच," त्या म्हणाल्या. "ते काही ह्या पट्टीनं पुसलं जात नाही. पण ते माझं मी बघेन. हे पुस्तक मला पुरं करायचंय, आणि एका पट्टीवर ते व्हायचं नाही. धाकटे मालक, मिस्त्री उद्या येतील. नवी पट्टी घेऊन येतील."

"बाई, ह्या माणसाला तुम्ही पुन्हा..."

"दुसरा आहे का इथं कुणी?" मग त्या मिस्त्रीकडं वळल्या. डोळे कोरडे होते. "चाचणीला किती तास लागतील?"

"नीट करायची तर चार-पाच तास."

"मी पाचही तास शेजारी बसेन. आणि प्रत्येक फेरी कागदावर लिहून घेईन. मागच्या वेळी तुमच्या शब्दावर चालले होते, आता स्वतःच्या डोळ्यांनी बघेन."

त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर मिस्त्रीला सोपं गेलं असतं. "बरं," एवढंच तो म्हणाला, आणि लोकांनी करून दिलेल्या वाटेनं, कुणाकडं न बघता बाहेर पडला.